तिघांनी भरलेली फी

कपडे धुण्याचं मशीन घरात आलं त्या दिवशी माझी लेक त्याच्या काचेच्या दारासमोर फतकल मारून बसली ती उठेचना. आत तिचंच गुलाबी झबलं गरगरत होतं. ते वर आलं की ही टाळ्या पिटायची, दिसेनासं झालं की भोकाड पसरायची. सासूबाई शिवणयंत्रावरून मान न उचलता म्हणाल्या, "बरं झालं बाई. हिला सांभाळायला आता माणूस मिळालं."

मशीन जुनंच होतं, एका लॉन्ड्रीवाल्याने काढून टाकलेलं. पण ते माझ्या पैशांचं होतं, म्हणून मला ते मिरवण्यासारखं वाटत होतं.

मी कवळ्या करायला शिकते. दंततंत्रज्ञ असा भारदस्त शब्द आहे त्याला, पण आमच्याकडे सगळे 'दातांचं कॉलेज' म्हणतात. मेण वितळवायचं, साचे ओतायचे, एकेक दात जागेवर बसवायचा, की मग कधी न पाहिलेल्या कुणा आजोबांना पुन्हा सफरचंद खाता येतं. लेक नुकती पालथी पडायला लागली होती तेव्हा मी प्रवेश घेतला. आमच्या खिडकीत दोरीवर दुपटी वाळतात आणि खालच्या कट्ट्यावर प्लास्टरचे जबडे. पहिल्यांदा येणारा माणूस आधी जबडे बघतो, मग आमच्या तोंडांकडे.

फीसाठी मला शिष्यवृत्ती मिळाली होती. आधी फी कापली जाईल आणि उरेल ते तुमच्या खात्यात जमा होईल, असं कॉलेजने सांगितलं होतं. एके सकाळी लेकीला पाजता पाजता फोनवर खातं बघितलं आणि चाटच पडले. एवढे उरले? पण रात्रभर जागलेल्या बाईने दारात आलेल्या सुखाला 'तू कुणाचं रे?' असं विचारायचं नसतं, ते लगेच आल्या वाटेने परत जातं. मी मशीन घेतलं. उरलेले जपून ठेवले. आणि विसरून गेले.

आठवण करून दिली ती करमावशीने.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत रिटर्न भरायच्या दिवसांत ही बाई टेबल मांडून बसते. जन्मभर हिशेबनीस होती, आता निवृत्त झाली आहे आणि लोकांचे आयकराचे रिटर्न फुकट भरून देते. चष्म्याला साखळी, दाढेखाली कायम पेपरमिंटची गोळी. माझी लेक तिच्या मांडीवर गेली आणि साखळी चावत बसली.

"लग्न झालेलं, नवरा बेकरीत कामाला, तू शिकतेस, हे एक गोंडस खर्चाचं कलम," लेकीचा गाल ओढत मावशी म्हणाली. "सोपं आहे. शिष्यवृत्ती आहे का काही?"

"आहे. पण ती फीची आहे. तिच्यावर कर नसतो ना?"

"फीला गेली तेवढ्यावर नसतो. राहण्याखाण्याला, हौसेमौजेला गेली, तर ते उत्पन्न." बोलता बोलता तिने कॉलेजचा कागद ओढला, आणि चष्मा काढून पुन्हा घातला. "अगं, तुझ्या शिष्यवृत्तीतून फी गेलेलीच नाही. वर्षाचे तिन्ही हप्ते आधीच कुणीतरी भरून टाकलेत."

"मी नाही भरले."

"तू नाही भरलेस, मग दुसऱ्या कुणी भरले. फी बाकीच नव्हती, म्हणून कॉलेजने सगळी शिष्यवृत्ती तुझ्या हातात दिली. म्हणजे ती सगळीच तुझं उत्पन्न झाली."

माझ्या डोळ्यांसमोर मशीन गरगरायला लागलं. "कर किती बसेल?"

"कर फार नाही. मला दुसरीच काळजी आहे. पुढच्या वर्षीची शिष्यवृत्ती कशावरून ठरते?"

ते मला पाठ होतं. घरचं उत्पन्न ठरलेल्या रेषेच्या आत असेल तरच. दरवर्षी रिटर्नची प्रत द्यावी लागते. नवऱ्याचा पगार त्या रेषेच्या जरा खाली होता, अगदी पायरीवर बसल्यासारखा. मावशीने त्यात माझ्या शिष्यवृत्तीची बेरीज केली आणि कागद माझ्याकडे फिरवला. आम्ही रेषा ओलांडून पलीकडे पोचलो होतो.

"म्हणजे," मी हळूहळू म्हणाले, "शिष्यवृत्ती मिळाली म्हणून उत्पन्न वाढलं, आणि उत्पन्न वाढलं म्हणून शिष्यवृत्ती जाणार?"

"अगदी बरोबर समजलीस!" मावशी हसली. मीही हसले. मग मला शेवटचं वर्ष आठवलं. शिष्यवृत्तीशिवाय ते वर्ष होणं शक्य नव्हतं. अर्धवट शिकलेल्या मुलीकडून कोण दात करून घेणार? माझं हसू तोंडातच राहिलं. मावशीने ते पाहिलं आणि मला एक पेपरमिंट दिली.

"थांब, रडू नकोस, अजून एक आहे. तुमचा दोघांचा रिटर्न संगणक घेतच नाहीये. तुला आधीच कुणीतरी आपल्या रिटर्नमध्ये दाखवलंय. आपल्यावर अवलंबून असलेली विद्यार्थिनी म्हणून. एका माणसाला दोन ठिकाणी दाखवता येत नाही."

"कुणी दाखवलंय?"

"ते मला दिसत नाही. वडील आहेत का तुझे?"

"आहेत. दोन गल्ल्या सोडून राहतात."

"त्यांचा रिटर्न कोण भरतं?"

"ते स्वतःच. कुणाला हात लावू देत नाहीत."

"मग दिसलं मला," मावशी म्हणाली.

तिने उपाय सांगितला. फी ज्यांनी ज्यांनी भरली, त्यांना मी त्यांचे पैसे परत करायचे, आणि 'परत मिळाले' अशी त्यांची सही आणायची. मग कॉलेज शिष्यवृत्ती फीच्या खात्याला लावेल आणि ती उत्पन्नात धरली जाणार नाही. बाबांनी आपल्या रिटर्नमधून माझं नाव काढायचं. हे सगळं शुक्रवारच्या आत, कारण रिटर्नची मुदत तेव्हा संपत होती.

"सह्या आणि एक नाव काढणं. एवढंच तर आहे," मावशी म्हणाली. तिची माझ्या घरच्यांशी ओळख नव्हती.

दुपारी नवरा बेकरीतून आला. भुवयांना पीठ, हातात उरलेल्या पावांची पिशवी. मी त्याला बसू दिलं आणि विचारलं, "माझी फी कुणी भरली?"

तो एकदम लेकीच्या मोज्यात गढून गेला. मोजा उलटा आहे का, सुलटा आहे का, नीट बघायला लागला.

"मी तुझ्याशी बोलतेय."

"भरली मी. तुला वाढदिवसाला सांगणार होतो."

"माझा वाढदिवस होऊन गेला."

"म्हणूनच मग नाही सांगितलं."

"आणि भट्टी बिघडली म्हणून उशिरापर्यंत थांबायला लागतं म्हणत होतास, ते?"

"भट्टी ठणठणीत आहे," तो म्हणाला. "जास्तीच्या पाळ्या केल्या."

मला त्याचा राग येत होता आणि त्याच्या भुवयांवरचं पीठ पुसावंसंही वाटत होतं. "बरं. बाकीचे दोन हप्ते?"

"बाकीचे म्हणजे? तेवढीच नसते का फी?"

तेवढ्यात आतल्या खोलीतलं शिवणयंत्र थांबलं. सासूबाई शाळांचे आणि इस्पितळांचे गणवेश ढिले-घट्ट करून देतात. ते यंत्र फक्त दोनच वेळा थांबतं: दोरा तुटला की, किंवा त्या कान देऊन ऐकत असल्या की.

"आई," मी हाक मारली.

"काय आई? पोरीच्या पायात मोजा घाला आधी दोघं मिळून."

"आई, फी."

"भरली असेल एखाद्याने. भरू नये असा कायदा आहे का?" त्या दारात येऊन उभ्या राहिल्या, गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. टाचण्या काढून त्यांनी पदराला लावल्या, म्हणजे आता बोलणं लांबणार होतं.

मग माझ्या लक्षात आलं. वर्षभर सासूबाई पाव चहात बुडवून खात होत्या. नवीन कवळीसाठी त्यांनी पैसे साठवले होते, ते सगळ्यांना ठाऊक होतं. कधी जाताय विचारलं की म्हणायच्या, दवाखाना चौथ्या मजल्यावर आहे, चढवत नाही.

"आई, त्या इमारतीत लिफ्ट आहे. माझे बाबाच बघतात ती."

"तुझे बाबा बघतात म्हणूनच भीती वाटते."

"तुम्ही कवळीचे पैसे माझ्या फीला घातलेत!"

"घातले नाहीत, आगाऊ दिलेत," त्या ठसक्यात म्हणाल्या. "शिकलीस की तूच करणार ना माझी कवळी? कारागिराला आगाऊ द्यावेच लागतात. त्या परक्या दवाखानेवाल्याला द्यायचे, त्यापेक्षा घरातल्या पोरीला दिले. चूक काय त्यात?"

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. कर, रेषा, सह्या, शुक्रवार. त्या सगळं ऐकत होत्या. नवरा मात्र मधेच उठला, मशीनवर कागद ठेवून त्याने सही केली आणि मशीनला थोपटून म्हणाला, "माझे पैसे परत मिळाले. बघ कसे गरगर फिरतायत." त्याचा वाटा आणि मशीनची किंमत खरंच जवळपास जुळत होती. वरचे थोडे मी त्याच्या खिशात कोंबले.

सासूबाईंनी मात्र हात मागे बांधले. "मी नाही घेणार. दिलेलं परत घेतलं असं माझ्या आयुष्यात झालेलं नाही. हातातून गेलेला पैसा म्हणजे पडलेला दात. पडलेला दात कुणी पुन्हा तोंडात बसवतं का?"

"आई," मी म्हणाले, "मी तेच शिकतेय."

त्या असं खळखळून हसल्या, की लेक दचकली आणि मग तीही हसायला लागली. दोघींचे मिळून दात किती असतील ते विचारू नका. मी तापल्या तव्यावर पोळी भाजून घेतली. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत खऱ्या माणसासाठी कवळी करावी लागते. तो माणूस ज्याचा त्याने आणायचा असतो आणि त्याला कवळी फुकट मिळते. "तुम्ही याल का माझ्या परीक्षेला? पण परीक्षा व्हायची तर वर्ष व्हायला हवं. वर्ष व्हायचं तर सही हवी."

"तोंड माझं आणि मार्क तुला?" त्या म्हणाल्या. पण सही केली, आणि पैसे जुन्या कवळीच्या डबीत ठेवले. "आता व्याहीबुवांकडे जायचं ना? मी येते. तू बोलायला लागलीस की त्यांचा चेहरा बघून विरघळतेस. मी नाही विरघळत."

बाबा तेव्हा एका उंच इमारतीच्या तळमजल्यावर लिफ्टच्या आत उकिडवे बसून बटणांची पट्टी जोडत होते. लिफ्टचं दार उघडं, शेजारी हत्यारांची पेटी. नातीला बघून त्यांनी हात पँटला पुसले आणि तिला उचलून घेतलं. तिने लगोलग सगळी बटणं दाबली. सगळे दिवे लागले.

"बघा, हिच्या हाताला यश आहे," ते म्हणाले. "मी तासभर झगडतोय."

"बाबा, तुम्ही मला तुमच्या रिटर्नमध्ये दाखवलंत?"

"दाखवलं. दरवर्षी दाखवतो. तू जन्मलीस तेव्हापासून."

"माझं लग्न झालंय."

"माहीत आहे. जेवायला होतो मी."

"आणि फीचा हप्ता?"

"भरला. रिटर्नमध्ये विचारतात, मुलगी शिकते का? शिकते. खर्च करता का? मग करायला नको का? खोटं लिहायची मला सवय नाही. म्हणून आधी भरला आणि मग लिहिलं." ते एवढ्या सरळपणे म्हणाले, की मला खरोखर सासूबाईंची गरज लागली.

सासूबाई पुढे सरसावल्या. "व्याही, तुमच्या त्या लिहिण्यामुळे पोरीचं वर्ष बुडतंय. ती आता माझ्या घरची आहे."

"विहीणबाई, ती राहते तुमच्याकडे. आहे माझी."

"इथे वाद घालायला नाही आले मी. तुम्हीच सांगत असता ना साऱ्या गावाला, लिफ्टमध्ये माणसं जास्त झाली, घंटी वाजली, की शेवटी आला तो बाहेर? त्यात अपमान नाही, भांडण नाही, लिफ्टचा नियम आहे?"

"सांगतो की. पण शेवटी आलं कोण? मी?" बाबांनी नातीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "मी तर हिच्या आधीपासून आत उभा आहे. शेवटी आला तो तुमचा मुलगा. त्याला सांगा बाहेर व्हायला."

सासूबाईंनी मला कोपराने पुढे ढकललं.

बाबांचं म्हणणं खरंच होतं. आई गेल्यापासून तेच होते. माझी वेणी घालायला ते एका शेजारणीकडून शिकले होते आणि केसांना पीळ घालायचे तो तारेला घालतात तसा. माझ्यावरचं प्रेम त्यांनी तोंडाने कधी सांगितलं नाही. वर्षातून एकदा चष्मा लावून, पाठ ताठ करून, एका चौकटीत माझं नाव लिहायचे. ते मी लहानपणी टेबलाखालून बघायची.

"बाबा," मी म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. तुम्हीच पहिले. पण लिफ्ट हलत नाहीये."

नात बटणं दाबत होती. दिवे लागत होते, विझत होते, दार उघडंच होतं.

"किती वर्षं राहिलीत तुझी?" त्यांनी विचारलं.

"एकच."

"एकच," ते स्वतःशीच म्हणाले. मग वर बघितलं, छताकडे, जिथून दोर येतात तिकडे. "लोकांना वाटतं, लिफ्टवाला लिफ्टमध्ये असतो. आत काय, कुणीही उभं राहतं. खरं काम वर असतं. दोरापाशी. तिथे कुणाला दिसत नाही तो." त्यांनी नातीला माझ्याकडे दिलं आणि खिशातून पेन काढलं. "कुठे करायची सही?"

पैशांचं पाकीट घेताना त्यांनी इंजेक्शन टोचून घेतल्यासारखा चेहरा केला, पण घेतलं.

गुरुवारी आम्ही सगळे करमावशीच्या टेबलाभोवती होतो. वाचनालयात एवढी माणसं एका रिटर्नसाठी कधी आली नसावीत. मावशीने बाबांचा रिटर्न उघडला आणि ती चौकट दाखवली.

"हे नाव काढायचं."

"त्याजागी काय लिहायचं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. रिकामी ठेवायची."

"रिकामी?" बाबा त्या चौकटीकडे बघत राहिले. "नात चालेल?"

"नात हिच्या रिटर्नमध्ये जाईल."

"मग," बाबांनी शेजारी बघितलं, "विहीणबाई चालतील?"

"मी कुणावर अवलंबून नाही!" सासूबाई एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, की पलीकडे वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाने 'श्श' केलं. करमावशीच्या घशात पेपरमिंट अडकली. नवऱ्याने तिची पाठ थोपटली आणि तिच्या कोटावर पिठाचा पंजा उमटला. या सगळ्या गोंधळात बाबांनी स्वतःच्या बोटाने नाव काढायचं बटण दाबलं. मी पाहिलं. मग आमच्या रिटर्नमध्ये तशाच चौकटीत मी लेकीचं नाव लिहिलं, आणि मला कळलं की तेव्हा पाठ ताठ का होते.

शिष्यवृत्ती मिळाली. अगदी रेषेला खेटून, पण आत. यावेळी मी शहाणपणा केला. फीच्या खिडकीतल्या कारकुनाला सांगून ठेवलं, की माझ्या नावावर दुसऱ्या कुणाकडून एक पैसाही घ्यायचा नाही.

नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी मी लेकीला घेऊन कॉलेजात गेले, तर कारकुनाने खिडकीतून मान बाहेर काढून रांगेकडे बोट दाखवलं. "तुम्ही सांगितलं होतं खरं. पण यांचं काय करू?"

रांगेत पुढे वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरून एक माणूस उभा होता. वर्तमानपत्राखाली हत्यारांची पेटी. त्याच्या मागे दोन विद्यार्थी सोडून एक बाई, गळ्यात टेप. अगदी शेवटी, खांबाआड, पिठाच्या भुवया. तिघांनीही एकमेकांना पाहिलं नव्हतं.

"बाबा!" मी म्हणाले. वर्तमानपत्र खाली आलं. मागच्या दोघांनी चमकून बघितलं, आणि मग तिघं एकमेकांकडे बघायला लागले.

"मी लिफ्ट बघायला आलो होतो," बाबा म्हणाले.

"मी तोंडाचं माप द्यायला," सासूबाई म्हणाल्या.

"मला पाव द्यायचे होते," नवरा म्हणाला. त्याच्या हातात पिशवी नव्हती.

"शिष्यवृत्ती आहे," मी तिघांना सांगितलं. "तुम्ही पुन्हा भरलेत तर पुन्हा शुक्रवार येईल."

बाबांनी पुढे उभ्या असलेल्या मुलांना सांगितलं, "जरा सरका रे. हिला पुढे जाऊ द्या. कडेवर पोर आहे." मुलं सरकली. मी सही केली, आणि माझी फी माझ्या शिष्यवृत्तीतून गेली.

आता आलेच आहेत तर माझी प्रयोगशाळा तरी बघू देत, म्हणून मी त्यांना वर न्यायला निघाले. बाबा लिफ्टमध्ये आधी शिरले, भिंतीवर थाप मारून बघितली, मग नवरा, मग डोळे घट्ट मिटून सासूबाई, मग मी आणि लेक. तेवढ्यात प्लास्टरची पोती घेऊन कॉलेजचा माणूस आत आला आणि घंटी वाजली.

तो माणूस गडबडला. "शेवटी मीच आलो," म्हणत वाकून पोती उचलायला लागला.

"राहू द्या," बाबा म्हणाले. आणि सगळ्यात आधी शिरलेले ते, आम्हाला सगळ्यांना बाजूला करत बाहेर पडले. "मी जिन्याने येतो."

दार मिटलं. सासूबाईंनी माझा दंड धरून ठेवला होता. लेक बटणांकडे झेपावत होती. वर पोचल्यावर दार उघडलं, तर समोर बाबा उभे, धापा टाकत, कपाळावर घाम, आणि नातीला घ्यायला दोन्ही हात पुढे केलेले.